तडजोड झाल्यावर वाटपाचा दावा निकाली कसा निघाला: नाशिक कोर्टातला अनुभव

१७ जानेवारी २०२४ रोजी नाशिकच्या दिवाणी न्यायालयात आमचा वाटपाचा दावा तडजोडीने निकाली निघाला. दावा मीच लावला होता, माझ्या सख्ख्या भावांवर, २०१७ साली. तेव्हा दावा कसा लावायचा, वकील कोण चांगला, किती वर्षं जातील हे सांगणारे पुष्कळ भेटले. आपसांत मिटल्यावर पुढे काय करायचं हे मात्र नीट कोणालाच सांगता येत नव्हतं. "मिटलं ना, मग घ्या दावा मागे," एवढंच जो तो म्हणायचा. घरात मिटलं त्या दिवसापासून हुकूमनामा, म्हणजे निकालाप्रमाणे निघणारा कोर्टाचा अधिकृत आदेश, हातात पडेपर्यंत, आणि तिथून उताऱ्यावर नावं लागेपर्यंत मध्ये बरंच काही करावं लागतं. ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे. मी वकील नाही. शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त आहे. आमच्या दाव्यात जे जसं घडलं तेवढं सांगते.

वडिलांचं पंचवटीत दुमजली घर आणि म्हसरूळला एक बिगरशेती प्लॉट. दोन्ही त्यांच्या स्वतःच्या कमाईतलं. आई आधीच गेली होती, वडील २०१५ मध्ये गेले, मृत्युपत्र नव्हतं. आम्ही चार भावंडं: आक्का, दादा, मी आणि धाकटा भाऊ. कायद्याने चौघांचा सारखा हिस्सा. पण वारस म्हणून नावं लावताना बोलाचाली झाली, प्लॉटच्या नोंदीवरून प्रांतांकडे अपील गेलं, आणि शेवटी मी वाटपाचा दावा दाखल केला. आक्काचं कोणाशीच भांडण नव्हतं, तरी तिलाही प्रतिवादी करावं लागलं, कारण वाटपाच्या दाव्यात प्रत्येक हिस्सेदार पक्षकार लागतो. जळगावला तिच्या घरी समन्स गेलं तेव्हा ती किती तरी दिवस माझ्याशी बोलली नाही. महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात महिलांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे, त्यामुळे दावा लावताना तो खर्च मला आला नाही. अनेक बायकांना हे ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

दावा लागल्यावर निशाणी ५ चा (निशाणी म्हणजे कागदाला कोर्टात पडलेला क्रमांक) मनाई अर्ज झाला, घर आणि प्लॉट कोणी विकू नये असा हुकूम झाला. दुय्यम निबंधकांकडे लिस पेंडन्सची नोटीसही नोंदवली, म्हणजे मिळकत घेऊ पाहणाऱ्याला दाव्याची कल्पना यावी. मग कैफियत म्हणजे प्रतिवादींचं लेखी उत्तर, कोर्टाने काढलेले वादाचे मुद्दे, आणि तारखा. कोरोनात कोर्ट जवळजवळ थांबलंच होतं. एप्रिल २०२१ मध्ये धाकटा भाऊ कोरोनाने गेला. त्याच्या जागी त्याची बायको सुवर्णा आणि त्यांचा शाळकरी मुलगा दाव्यात प्रतिवादी म्हणून आले. मयताचे वारस रेकॉर्डवर घेण्याच्या अर्जावर वादी म्हणून सही मला करायची होती. त्या कागदावर भावाच्या नावापुढे 'मयत' लिहिलेलं वाचून मी वकिलांच्या ऑफिसातून सही न करता उठून आले होते. सही नंतर केली, पण दावा ओढत नेण्याची माझी उमेद त्या दिवशी संपली.

तडजोड घडवली ती मामांनी. ते पिंपळगाव बसवंतला असतात, वय ऐंशीच्या पुढे. २०२३ च्या श्रावणात त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून घेतलं. "मी आहे तोवर माझ्यासमोर बसा, नंतर तुम्हाला कोणी बसवणार नाही," एवढंच ते म्हणाले. पहिल्या बैठकीत नुसतं मागचं उगाळणं झालं. दुसऱ्या खेपेला दादाने स्वतःहून विषय काढला, की सुवर्णाला आणि पोराला घराबाहेर काढायचं नाही, ते दोघं वरच्या मजल्यावरच राहतील, बाकी तुम्ही म्हणाल तसं. तिथून गाडी रुळावर आली. भाच्याने, म्हणजे सुवर्णाच्या मुलाने, दप्तरातली चौकटीची वही काढली आणि एकेक गोष्ट लिहून घेतली. घराचा तळमजला दादाला, वरचा मजला सुवर्णा आणि मुलाला. म्हसरूळचा प्लॉट आक्काला आणि मला समान हिश्श्याने. घराची किंमत प्लॉटपेक्षा बरीच जास्त, म्हणून दादाने आम्हा दोघींना प्रत्येकी ४ लाख रुपये द्यायचे. सुवर्णाकडून काही घ्यायचं नाही. हिशेबाने आम्हा बहिणींच्या वाट्याला थोडं कमी येत होतं, ते आम्ही समजून उमजून मान्य केलं.

वहीची ती पानं घेऊन मी आमच्या वकील मॅडमकडे गेले आणि म्हटलं, आता दावा मागे घेऊ. त्यांनी पानं वाचली आणि विचारलं, "यातलं उद्या कोणी पाळलं नाही, तर तुमच्या हातात काय असेल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी दोन वाटा समजावल्या. हे समजलं नसतं तर पुढचं सगळंच चुकलं असतं, म्हणून जरा तपशिलात लिहिते.

पहिली वाट दावा काढून घेण्याची. वादीने पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, द्यायची की आपसांत मिटलं आहे, दावा पुढे चालवायचा नाही. बहुतेक वेळा एका तारखेत काम होतं. पण कोणाला काय मिळालं हे त्यात येत नाही आणि त्याचा हुकूमनामा होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३ नियम १ प्रमाणे, नव्याने दावा लावण्याची कोर्टाची परवानगी न घेता दावा काढून घेतला तर त्याच विषयावर पुन्हा दावा लावता येत नाही. वाटपाच्या दाव्याला हे कितपत लागू होतं यावर वकील कोर्टात वाद घालू शकतात, पण मिटवायला निघालेल्या माणसाने तो नवा वाद कशाला ओढवून घ्यायचा? दोघांमधला पैशांचा दावा असेल, सगळे पैसे खात्यात आलेले असतील आणि कोणी कोणाला काही द्यायचं शिल्लक नसेल, तर ही वाट सोपी आणि पुरेशी आहे.

दुसरी वाट आदेश २३ नियम ३ ची. सगळ्या अटी लेखी, सगळ्या पक्षकारांच्या सह्या, कोर्ट खात्री करून घेतं आणि त्याप्रमाणे तडजोडीचा हुकूमनामा करतं. तो इतर कुठल्याही हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. समोरच्याने पाळलं नाही तर नवा दावा न लावता थेट दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, टाकायची, त्यासाठी १२ वर्षांची मुदत असते. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही, आणि तडजोड बेकायदा होती असं म्हणत तो रद्द करायला वेगळा दावाही लावता येत नाही. म्हणून सही करायच्या आधीच सगळं वाचून घ्यायचं. वाटपाच्या दाव्यात एरवी आधी प्राथमिक हुकूमनामा, मग कोर्ट कमिशनर, मोजणी आणि अंतिम हुकूमनामा असा लांबचा प्रवास असतो. कोणती जागा कोणाला हे तडजोडीतच ठरलं असेल तर तो वाचतो. आम्ही ही दुसरी वाट धरली.

मॅडमनी आणखी एक बजावलं, की मिटलंय म्हणून तारखेला जाणं सोडू नका. वादी गैरहजर राहिला तर दावा गैरहजेरीत काढून टाकला जाऊ शकतो. तसा निकाल म्हणजे तडजोड नव्हे, आणि त्याने कोणालाच काही मिळत नाही.

सप्टेंबर अखेरीस मसुदा करायला बसलो. माझ्या वकील मॅडम आणि दादाचे वकील, दोघांनी मिळून केला, आणि मराठीत करून घेतला. इंग्रजीत झाला असता तर आक्काला आणि सुवर्णाला दुसऱ्याच्या भरवशावर सही करावी लागली असती. घराचा सिटी सर्व्हे नंबर, प्लॉटचा गट नंबर आणि प्लॉट नंबर, चौरस मीटरमध्ये क्षेत्रफळ आणि चतुःसीमा या चार गोष्टी ताज्या मिळकत पत्रिकेवरून आणि सातबाऱ्यावरून अक्षरशः बोट ठेवून जुळवल्या. जुन्या दाव्यातल्या वर्णनात प्लॉटची पूर्व बाजू 'मोकळी जागा' अशी होती, आता तिथे बंगला उभा आहे. असे फरक आताच पकडले नाहीत तर ते पुढे तलाठी कार्यालयात अडतात.

अटी लिहिताना मोठ्या गोष्टींवर एकदाही अडलं नाही. अडलं ते बारीक बाबींवर, आणि त्याच लिहिणं गरजेचं होतं. महापालिकेची थकलेली घरपट्टी कोणी भरायची, पाण्याचं एकच कनेक्शन आहे तर बिल कसं वाटायचं, गच्चीचा वापर कोणाचा, तळमजल्यावर कोपऱ्यात भाड्याने दिलेलं छोटं दुकान आहे त्याची अनामत कोणाकडे, मुद्रांक शुल्क कोणी किती भरायचं. ह्या प्रत्येकाला वेगळं कलम झालं. दादा द्यायचे पैसे कधी आणि कसे देणार हेही लिहिलं: कोर्टात तडजोडीची पडताळणी होईल त्या दिवशी, आमच्या नावांच्या डिमांड ड्राफ्टने, ड्राफ्टचा नंबर आणि तारीख तडजोडनाम्यातच नमूद. नुसता चेक घेऊन सही करू नका, हा मॅडमचा आग्रह होता. तो मला फार पटला.

आक्काने एक अट सुचवली होती. चैत्रात काळाराम मंदिराचा रथोत्सव असतो. रामरथ आणि गरुडरथ निघतो त्या दिवसांत आम्ही दोघी बहिणी लग्नानंतरही दरवर्षी घरी यायचो. दावा लागल्यापासून ते बंद झालं होतं. रथाला आम्ही घरी येऊन राहू शकू असं लिहून घ्या, असं तिचं म्हणणं. वकील मॅडम समजावत होत्या, की जे कोर्टाला बजावून घेता येईल तेच हुकूमनाम्यात घालावं. दादा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "आक्का, ते कागदावर नको लिहू. मी न्यायला येतो तुला." आक्काने ती ओळ स्वतःच्या हाताने खोडली.

दाव्याशी जोडलेलं आणखी काय काय कुठे चालू आहे, त्याची यादी याच वेळी करावी. आमचं प्रांतांकडचं अपील तसंच पडून होतं. कोर्टात दावा संपला म्हणून ते आपोआप संपत नाही. तिथे वेगळा अर्ज द्यावा लागतो. अपील दादाने काढून घ्यायचं आणि लिस पेंडन्स मी रद्द करून द्यायची, अशी दोन कलमं मसुद्यात आली. कोणावर पोलिसांत तक्रार झालेली असेल तर तिचाही विचार तेव्हाच करायला हवा. आमच्याकडे सुदैवाने तसं काही नव्हतं.

मसुदा तयार झाला तरी कोर्टात देता येत नव्हता, कारण भाचा १५ वर्षांचा. पक्षकार अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचा, असेल तर त्याच्या वतीने तडजोड करायला कोर्टाची आधी परवानगी लागते, आदेश ३२ नियम ७ प्रमाणे. परवानगी न घेता केलेली तडजोड अज्ञानाला पुढे रद्द करून घेता येते. म्हणजे तीन वर्षांनी सज्ञान झाल्यावर त्याने हरकत घेतली असती तर आमचं सगळं मुसळ केरात. सुवर्णाने पालक म्हणून अर्ज दिला, सोबत तिचं प्रतिज्ञापत्र आणि ही तडजोड मुलाच्या हिताची आहे असं तिच्या वकिलांचं प्रमाणपत्र. हा अर्ज ऑक्टोबरच्या शेवटी दाखल झाला. लगेच दिवाळीची सुटी लागली, दिवाणी कोर्टं बंद. त्यानंतरच्या तारखेला बोर्डावर इतकी कामं होती की आमचा पुकारा झालाच नाही.

दरम्यान ९ डिसेंबर २०२३ ला राष्ट्रीय लोकअदालत होती. मॅडमची इच्छा प्रकरण तिथे ठेवण्याची होती. लोकअदालतीत तडजोड झाली की तो निवाडाही दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच धरला जातो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. माझी फी माफ असल्याने परताव्याचा प्रश्न नव्हता, पण ज्यांनी मोठ्या रकमेची फी भरली आहे त्यांनी लोकअदालतीची पुढची तारीख जरूर विचारावी. नेहमीच्या कोर्टात तडजोड झाली तरी महाराष्ट्राच्या कोर्ट फी कायद्यात, पुरावा नोंदवायला सुरुवात होण्याआधी मिटलं तर अर्धी फी परत मागता येते. त्यासाठी अर्ज एका वर्षाच्या आत द्यावा लागतो. आमच्या अज्ञानाच्या अर्जावर हुकूम व्हायचा होता, म्हणून लोकअदालत हुकली. त्या दिवशी कोर्टाच्या आवारात मंडप, टेबलं, बँकांची आणि अपघाताची प्रकरणं, सगळीकडे माणसंच माणसं होती. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची मंडळी प्रत्येकाला रांग दाखवत होती. आपलं काम होणार नाही हे माहीत असून मी नुसती बघायला गेले होते. एकमेकांकडे पाठ करून आलेली माणसं टेबलाशी बसून बोलताना बघून मला धीर आला.

१४ डिसेंबरला परवानगीचा अर्ज सुनावणीला आला. न्यायाधीश मॅडमनी सुवर्णाला पुढे बोलावलं. तळमजला का नाही मागितला, पैसे का नाही मागितले, मुलाच्या शिक्षणाचं काय, असे साधे पण नेमके प्रश्न विचारले. सुवर्णा आधी घाबरली, मग नीट बोलली. दिरांनी आणि नणंदांनी माझ्याकडून काही घेतलं नाही, माझ्या वाट्याला सगळ्यात जास्त आलंय, असं तिने स्पष्ट सांगितलं. परवानगी मिळाली. पडताळणीसाठी ३ जानेवारी नेमली, मध्ये नाताळच्या सुट्या होत्या.

३ जानेवारीला न्यायाधीश रजेवर. आक्काचा गुडघा दुखरा, ती आदल्या रात्री जळगावहून आली होती. नाशिकरोडहून सिटीलिंकच्या बसने सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला, उतरलो आणि जुन्या आग्रा रोडवरच्या कोर्टात पोचलो, तर दाराशी पट्टेवाल्याने सांगितलं की आज पुढची तारीख मिळेल. बाहेरगावचा पक्षकार असेल तर आदल्या संध्याकाळी वकिलांच्या कारकुनाला फोन करून विचारून घ्यावं. ई-कोर्ट्सच्या ॲपवर दाव्याचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि कामाचा टप्पा दिसतो, पण रजेचं त्यात आयत्या वेळी कळत नाही. आक्काला तडजोडीपुरतं मुखत्यारपत्र देता आलं असतं का, हेही आम्ही विचारलं होतं. देता येतं, पण कोर्टाला माणूस समोर दिसला की शंका राहत नाही, असं मॅडमचं मत पडलं, म्हणून तिला आणलं. नवी तारीख पडली १७ जानेवारीची. ती दोन आठवडे परत गेलीच नाही, सुवर्णाकडे वरच्या मजल्यावर राहिली.

१७ तारखेला सकाळी साडेदहाला सगळे हजर. प्रत्येकाकडे मूळ आधार कार्ड, त्याची झेरॉक्स आणि फोटो. कोर्टाच्या आवारात गाडी लावायला जागा मिळणं कठीण, म्हणून दादा रिक्षाने आला. तडजोडनाम्याच्या प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या, वकिलांच्या सह्या, अज्ञानाच्या वतीने सुवर्णाची सही. बाहेरच्या बाकावर बसून आक्का सगळी कलमं पुन्हा वाचायला लागली आणि तिच्या लक्षात आलं की चष्मा घरी राहिला. दादाने खिशातून स्वतःचा चष्मा काढून तिला दिला. दोघांचा नंबर जवळपास सारखाच आहे हे मला त्या दिवशी कळलं. ती एकेक कलम हलक्या आवाजात वाचत होती, दादा शेजारी बसून ऐकत होता. दावा लागल्यापासून आम्ही कोर्टात समोरासमोरच्या बाकांवर बसायचो, त्या दिवशी कोणी काही न ठरवता एकाच बाकावर बसलो होतो.

बाराच्या सुमारास पुकारा झाला. वकिलांनी तडजोडनामा दिला, पक्षकारांची ओळख पटवली. न्यायाधीश मॅडमनी एकेकाला विचारलं: नाव काय, सही तुमचीच का, वाचून घेतलं का, समजलं का, कोणी दबाव आणला का, कोणाचं काही घेणं राहिलंय का. मला वेगळं विचारलं, "तुम्ही वादी आहात. तुमचा हिस्सा तुम्हाला मान्य आहे?" मी हो म्हटलं. आवाज नीट फुटला नाही, तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा सांगितलं. डिमांड ड्राफ्ट त्यांच्यासमोर आमच्या हातात दिले गेले, त्याची नोंद झाली. तडजोडनाम्यावर निशाणी क्रमांक पडला आणि त्याखाली हुकूम झाला, की तडजोडीप्रमाणे दावा निकाली, त्यानुसार हुकूमनामा तयार करावा, निशाणी ५ चा मनाई हुकूम संपुष्टात. हा शेवटचा भाग हुकुमात आहे ना हे वकिलांकडून तिथेच बघून घ्या. मनाई हुकूम उठल्याचा स्पष्ट उल्लेख असला की पुढे कुठल्याही ऑफिसात प्रश्न येत नाही. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांत आटोपलं. सहा-सात वर्षं ज्याची भीती बाळगली ते इतक्या साधेपणाने संपल्याचं मला बाहेर येऊनही खरं वाटत नव्हतं.

पण कागदांच्या बाजूने काम तिथे संपलं नव्हतं. वाटपाचा हुकूमनामा मुद्रांकावर होतो. तडजोडीतल्या मिळकती दाव्यातल्याच असल्या तर नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे असा हुकूमनामा नोंदवावा लागत नाही. दाव्यात नसलेली एखादी जागा तडजोडीत घातली, तर तिच्यापुरती नोंदणी लागते. म्हणून जाता जाता एखादी जास्तीची मिळकत तडजोडीत टाकण्याआधी वकिलांना विचारा. मुद्रांक शुल्क मात्र चुकत नाही. सगळ्यात मोठा एक हिस्सा सोडून बाकीच्या हिश्श्यांच्या सरकारी मूल्यांकनावर ते लागतं. आमच्या वेळी दर २ टक्के होता. आमचा आकडा दीड लाखाच्या पुढे गेला. दादाने निम्मा भरला, आम्ही दोघी बहिणींनी निम्मा. हे कलम आधीच लिहिलं होतं म्हणून ऐनवेळी तोंडं वाकडी झाली नाहीत. पैसे सरकारच्या ग्रास प्रणालीवर ई-चलनाने भरले. मूल्यांकन, चलन आणि हुकूमनाम्याचा मसुदा तपासून होईपर्यंत मार्च उजाडला.

मग नक्कल विभाग. निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज देऊन ठेवा, आणि तडजोडनामा, त्यावरचा हुकूम आणि हुकूमनामा अशा तिन्हींच्या सही-शिक्क्याच्या नकला मागा. किमान चार संच घ्या. नगर भूमापन कार्यालय, तलाठी, दुय्यम निबंधक आणि महापालिका, जो तो मूळ सही-शिक्क्याची नक्कल बघायला मागतो. पानामागे लागणारी फी किरकोळ आहे, पुन्हा हेलपाटा घालण्यापेक्षा आधीच जास्त संच घेतलेले बरे. माझा स्वतःचा तडजोडीपासून शेवटपर्यंतचा वकिलांचा खर्च ३० हजार, टायपिंग, झेरॉक्स, नकला यांचे दोन हजारांच्या आत, आणि लिस पेंडन्स रद्द करण्याच्या दस्ताचा खर्च वेगळा.

वडिलांचं म्हसरूळच्या प्लॉटचं मूळ खरेदीखत मी दाव्यात दाखल केलं होतं. दावा संपला तरी मूळ कागद आपणहून परत येत नाहीत. त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि त्या जागी नक्कल ठेवावी लागते. रेकॉर्ड विभागात प्रकरण जमा होण्याच्या आत हा अर्ज दिला तर लवकर मिळतं. मला एप्रिलमध्ये मिळालं.

लिस पेंडन्स रद्द करण्याचा दस्त मी मार्चमध्येच नोंदवला. दादाने प्रांतांकडचं अपील काढून घेतलं. तलाठ्याकडे फेरफारासाठी अर्ज दिला, सगळ्या हितसंबंधितांना नोटिसा गेल्या. हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. मुदत संपली, कोणाचीच हरकत नव्हती, तरी नोंद मंजूर होत नव्हती. नाशिकला २० मे २०२४ ला लोकसभेचं मतदान होतं आणि महसूलचे कर्मचारी निवडणुकीच्या कामात होते. ज्यांची कागदपत्रं निवडणुकीच्या आसपास तयार होतील त्यांनी हा वेळ धरून चालावं, आणि रोज जाऊन विचारण्याऐवजी अर्जाची पोच जपून ठेवावी. जूनमध्ये मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली आणि सातबाऱ्यावर आक्काचं आणि माझं नाव लागलं, इतर हक्कांतला दाव्याचा उल्लेख निघाला. घराच्या मिळकत पत्रिकेचं काम नगर भूमापन कार्यालयात त्याच सुमारास झालं. अज्ञान भाच्याचं नाव 'अज्ञान पालक आई' असं लागलं आहे, तो १८ वर्षांचा झाला की जन्मदाखला देऊन ते बदलून घ्यायचं.

हे लिहिते आहे तेव्हा महापालिकेत घरपट्टीवर दोन वेगळी नावं लावण्याचं काम तेवढं बाकी आहे. त्यासाठी हुकूमनाम्याची नक्कल, नवीन मिळकत पत्रिका आणि थकबाकी भरल्याची पावती मागितली आहे. थकबाकी दादाने भरली. अर्ज सुवर्णाने दिला आहे आणि त्याची पोच तिच्याकडे आहे.